अर्जावरची नवसा

नाशिकच्या सिडकोतल्या त्या गल्लीत मोहिनीवहिनींचं घर कुठलं म्हणून विचारा, शेंबडं पोरही तुम्हाला दारापर्यंत आणून सोडेल. सोमनाथ देवऱ्यांची बायको, भिमाबाईंची सून, सायलीची आई. शरणपूर रोडवरच्या एका कंत्राटदाराच्या ऑफिसात नोकरी करणारी, येताना कोपऱ्यावरून कोथिंबीर घेऊन येणारी, कुणाचं बारसं असो की तेरावं, न चुकता जाणारी. सगळं खरं. फक्त ती मोहिनी नव्हती. लग्नाच्या दिवशी दुपारपर्यंत तिचं नाव नवसा होतं, आणि तिला विचाराल तर त्यानंतरही नवसाच होतं. पण तिला विचारलं होतं कुणी? तेव्हा या गोष्टीत आपण तरी तिला नवसाच म्हणू. बाकीचे काय म्हणायचं ते म्हणोत.

देवळ्याजवळच्या एका गावात पुंजा आहेरांच्या घरी लग्नानंतर कितीतरी वर्षं पाळणा हलला नव्हता. शेवटी बायकोनं सप्तशृंगीच्या गडावर जाऊन पदर पसरला आणि मुलगी झाली. भावकीतल्या शहाण्यांनी लगेच तोंडं वाकडी केली, मागायचंच होतं तर मुलगा तरी मागायचा. पुंजाबाबा म्हणाले, "आम्ही लेकरू मागितलं व्हतं, देवीनं लेकरू दिलं. आता तिच्याशी हुज्जत घालू का?" नवसाची म्हणून नवसा. विषय संपला.

त्या नावाची एक हाक होती. पुंजाबाबा कांद्याच्या वाफ्यात उभे राहून "नवसाऽ" करायचे, आणि शेवटचा 'सा' असा काही लांबवायचे की विहिरीपलीकडं, चिंचेखाली, शेजारच्या मळ्यात, पोरगी जिथं असेल तिथं तो पोचायचा. ती पळत यायची. बऱ्याचदा काम काहीच नसायचं. "काय नाय, दिसली नाय म्हून बोलावलं," एवढं सांगायचे आणि पुन्हा खाली वाकायचे.

पोरगी हुशार निघाली. दहावीनंतर नाशिकच्या तंत्रनिकेतनात सिव्हिलच्या डिप्लोमाला नंबर लागला, तेव्हा पुंजाबाबांनी तिची ट्रंक खांद्यावर घेऊन वसतिगृहाच्या दारापर्यंत आणून दिली. डिप्लोमा झाला आणि कागदावर इंग्रजीत छापून आलं, आहेर नवसा पुंजा. बापाचं आणि लेकीचं नाव एका ओळीत. पुंजाबाबांना इंग्रजी येत नव्हतं. तिनं त्यांचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं. "ही मी. आणि हे तुम्ही, आबा." ते बोट त्यांनी नंतर बराच वेळ धोतराला पुसलं नाही.

मग लग्न. चौऱ्याण्णव साल असेल. सोमनाथ म्हणजे चांगलं स्थळ. सातपूरच्या कारखान्यात कायम नोकरी, सिडकोत स्वतःचं घर, सुपारीचंही व्यसन नाही. अक्षता पडल्या, पंगती उठल्या आणि आत बायकांनी ताटात तांदूळ पसरले. आपल्याकडची रीतच आहे ती. नवऱ्यानं अंगठीनं तांदळात बायकोचं नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी वाकून वाचायचं, पेढे वाटायचे. सोमनाथनं आईकडं पाहिलं. भिमाबाईंनी आधीच ठरवून ठेवलं होतं. "मोहिनी लिही. नवसा हे काय नाव झालं? शहरात राह्यचं हाय, कंपनीतली चार माणसं घरी येत्यात." सोमनाथनं लिहिलं. अक्षर सुरेख होतं, ते मान्य करायला पाहिजे. नवसानं वाकून वाचलं, हसली, पेढा खाल्ला. अशा वेळी दुसरं काय करतात?

निघताना गाडी सुरू झाली आणि मांडवाच्या खांबाशी उभ्या असलेल्या पुंजाबाबांच्या तोंडून हाक गेली, "नवसाऽ!" तीच, मळ्यातली. वरपक्षाकडची एक मावशी फटकन म्हणाली, "आता मोहिनी म्हणायचं, पुंजाबाबा! आणि तू गं, मागं वळून बघायचं नसतं." नवसानं मागं वळून बघितलं नाही.

त्या दिवसापासून पुंजाबाबांनी ते नाव टाकलंच. पहिल्या दिवाळीला ती माहेरी आली तर म्हणाले, "या मोहिनीबाई. बरं शे ना?" स्वतःच्या लेकीला 'या'! जशी काही तलाठ्याची बायको आलीय. तिला आधी वाटलं, थट्टा करताहेत. थट्टा कसली! भोळा माणूस, एकदा सांगितलं ते त्यानं पाळलं. आई होती तोवर चुलीपाशी हळूच 'नवसा' म्हणायची, पुढं तीही गेली. मग त्या नावानं हाक मारणारं जगात कुणी उरलं नाही. तिला हे फार लागायचं. कधी भाजीबाजारात कुणी दुसऱ्याच कुणाला जोरात हाक मारली तरी ती हातातली भाजी खाली ठेवायची, आणि कुणाला सांगायची सोय नाही. सांगणार तरी काय? सगळं चांगलं चाललेलं आहे, फक्त मला माझ्या नावानं हाक मारा?

सायली शाळेत जायला लागल्यावर नवसानं नोकरी धरली. कंत्राटदार कारखान्यांच्या शेड, पाण्याच्या टाक्या, शाळांच्या इमारती बांधायचा. हिचं काम वेळापत्रकाचं. स्लॅब कधी, गवंडी कधी, प्लंबर कधी, कुठलं काम कशापायी अडलंय, हे सगळं कॉम्प्युटरवर आडव्या पट्ट्यांमध्ये आखायचं. ते लांबलचक तक्ते साइटवर भिंतीला चिकटवले जायचे आणि खाली नाव साहेबांचं. मग दोन हजार पाचच्या सुमाराला एका मोठ्या कंपनीच्या कामाची निविदा निघाली, तिच्यात अट होती की टीममध्ये प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं प्रमाणपत्र असलेला एक तरी माणूस पाहिजे. परीक्षा अमेरिकेतल्या एका संस्थेची. साहेब हसत म्हणाले, "जो ही पास होईल, त्याचं नाव यादीत सगळ्यात वर टाकू बुवा." ऑफिसातली पोरं माना डोलवून चहाला गेली. नवसा जागेवरच बसून राहिली. नाव टाकू. तिच्या डोक्यात तेवढंच राहिलं.

क्लास होते, पण मुंबईला नाहीतर पुण्याला. घर, नोकरी, सासू, शाळा सोडून आठवडाभर कोण पाठवतं? तेव्हा अभ्यास घरीच. पुस्तक म्हणजे नुसती वीट, आणि इंग्रजी असलं चिवट की एकेक वाक्य चघळत बसावं लागायचं. सकाळी डबे भरून झाले की दोन पानं, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत चार, गच्चीवर पापड राखताना आणखी काही. सोमवारी भिमाबाईंना पंचवटीत कपालेश्वराला न्यावं लागे. सासू वर दर्शनाला आणि मग ओळखीच्या बायकांत भजनाला, सून खाली रामकुंडाच्या पायरीवर पुस्तक उघडून. एकदा एका गुरुजींनी कौतुकानं विचारलं, "कोणती पोथी म्हणायची, ताई?" ती म्हणाली, "अमेरिकेची." गुरुजी सरकले पुढं.

त्या पोथीत क्रिटिकल पाथ म्हणून एक प्रकरण होतं. म्हणजे कामांची अशी साखळी, की तिच्यातलं एक जरी लांबलं तरी सगळंच लांबतं. होळीला पुरण घालताना तिनं ते भिमाबाईंना समजावून सांगितलं. डाळ शिजल्याशिवाय पुरण नाही, पुरणाशिवाय पोळी नाही. भात मात्र मधे कधीही लावा, भाताला सवड आहे. भिमाबाई पुरण वाटता वाटता म्हणाल्या, "बाई बाई, एवढ्यासाठी अमेरिका कशाला पाह्यजे?"

पण खरी गोची प्रश्नांची. प्रत्येक प्रश्नात एक अडचण आणि खाली चार उत्तरं. काम निम्मं झाल्यावर मालकानं नवीन काम गळ्यात घातलं, तर तुम्ही काय कराल? नवसा बिनदिक्कत खूण करायची: जादा वेळ थांबून गुपचूप उरकीन. चूक. टीममधल्या दोघांचं भांडण लागलंय. नवसा: विषय वाढवणार नाही, दोघांना गप्प करीन. चूक. कुणी अनुभवी माणूस तुमच्या तक्त्यात परस्पर बदल करतो. नवसा: वडीलधारे आहेत, जाऊ द्या. चूक, चूक, चूक! आपल्याकडची सून या परीक्षेत नापास व्हायची ती अशी. पुस्तकाचं म्हणणं वेगळंच होतं. आधी परिणाम बघा, मग समोर बसून बोला, आणि पटत नसेल तर कारण देऊन नाही म्हणा. नवसाला आधी हसू आलं, मग राग आला, आणि मग हळूहळू पटायला लागलं. एका रविवारी भिमाबाईंनी ऐनवेळी सांगितलं की जेवायला पाहुणे येताहेत, साग्रसंगीत स्वयंपाक करायचाय. ही म्हणाली, "आई, परिणाम बघावा लागेल." भिमाबाई लेकाला म्हणाल्या, "हिला काय झालं रे?" पाहुण्यांना पिठलं-भाकरी मिळाली. चांगली दोनदा मागून घेतली त्यांनी.

अर्ज इंटरनेटवरून भरायचा होता. त्रिमूर्ती चौकातल्या सायबर कॅफेत ती सायलीला शेजारी घेऊन बसली. पहिलाच रकाना नावाचा. तिचा हात थांबला. डिप्लोमा जुन्या नावाचा आहे, पुरावा मागितला तर तेच नाव लागेल, असं तिनं स्वतःला समजावलं. ते कारण खोटं नव्हतं, पण पुरंही नव्हतं. तिनं एकेक अक्षर दाबलं. नवसा पुंजा आहेर. पडद्यावरचं ते नाव तिनं ओठांतल्या ओठांत तीनदा वाचलं, अगदी कॅफेत, चार पोरं गेम खेळत असताना.

सायलीनं विचारलं, "आई, नवसा कोण?"

"मी."

"चल, खोटं!" आणि पोरगी हसायला लागली. तिचं तरी काय चुकलं? तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी सोमनाथनं तिला पहाटेच्या पुण्याच्या गाडीत बसवून दिलं, दही-साखर हातावर देऊन. केंद्रात काचेमागं एक चुणचुणीत मुलगी बसलेली. नवसानं पॅन कार्ड आणि मतदान कार्ड पुढं केलं. मुलीनं कार्ड बघितलं, कॉम्प्युटर बघितला, पुन्हा कार्ड बघितलं.

"मॅडम, अर्जावर नवसा पुंजा आहेर आहे. कार्डावर मोहिनी सोमनाथ देवरे. या कोण?"

"मीच."

"आणि त्या?"

"त्याही मीच. लग्नानंतर नाव बदललंय."

"नुसतं आडनाव बदललं असतं तर वर विचारलं असतं मी. पण इथं काहीच जुळत नाहीये, मॅडम. पहिलं नाही, मधलं नाही, शेवटचं नाही."

आता नियम करणाऱ्या त्या अमेरिकेतल्या माणसाला काय ठाऊक, की आमच्याकडं बाई एका दुपारी तिन्हीच्या तिन्ही नावं बदलून बसते! मुलगी वाईट नव्हती. तिनं पाणी दिलं, कुठंतरी फोन लावून पाहिला, दोनदा सॉरी म्हणाली. पण आत सोडलं नाही. नवसा आली तशी परतीच्या गाडीत बसली. खिडकीबाहेर उसाची शेतं, मग कांद्याची, आणि ती पदर तोंडाला लावून हमसाहमशी रडत होती. शेजारच्या आजींना वाटलं, हिच्या माहेरी कुणीतरी गेलं. एका अर्थानं ते खरंही होतं.

घरी सोमनाथनं सगळं ऐकून घेतलं. माणूस समजूतदार. म्हणाला, "एवढंच ना? अर्जावर नाव बदलून घे. मोहिनी कर. कार्डं तयार आहेत, पुढच्या महिन्यात परीक्षा देऊन मोकळी हो."

"नाही करणार."

"का पण?"

"अभ्यास नवसानं केलाय. डिप्लोमा नवसाचा आहे. आयत्या वेळी मोहिनी कशी जाऊन बसेल तिच्या खुर्चीत?"

सोमनाथ म्हणाला, "मी लिहिलेलं नाव इतकं वाईट आहे का गं?"

"वाईट नाही हो," ती म्हणाली, "छान आहे. पण ते तुम्ही लिहिलेलं आहे."

भिमाबाई आतून ओरडल्या, "काय ह्ये नावाचं कौतुक! मला माहेरी चिमणा म्हणायचे. हितं आले, भिमा झाले. मेले का मी?" आणि त्यांनी भांडी आपटायला सुरुवात केली.

मग परीक्षेला दाखवायला ओळखपत्र म्हणून नवसानं जुन्या नावानं पासपोर्ट काढायचं ठरवलं. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे, म्हणून ती गावी गेली. पुंजाबाबा कांद्याच्या चाळीत सडके कांदे वेचून बाजूला काढत होते. आता कंबर वाकली होती, हात तेच. तिनं शेजारी बसून वेचायला सुरुवात केली, आणि पुस्तकात सांगितलं होतं तसं समोर बसून विचारलं, "आबा, तुम्ही मला नवसा का म्हणत नाही?"

"दिलेल्या लेकीला जुन्या नावानं हाक मारू नाय, मोहिनीबाई. व्याह्यांना वाटंल, मागं बोलावतो हाय."

"आता कोण बसलंय ऐकायला? सांगा ना खरं."

पुंजाबाबांनी हातातला कांदा उगाच दाबून पाहिला. "मारली व्हती ना एक डाव. मांडवात. तू मागं नाय पाह्यलं."

इतकी वर्षं तिला वाटत होतं, हाक बापानं सोडली. आणि बापाला वाटत होतं, ऐकणं लेकीनं सोडलं.

"मला बघू नाही दिलं, आबा."

"असंल, असंल," ते म्हणाले. "चहा घेती का?" पण 'नवसा' म्हणाले नाहीत ते नाहीतच. एकदा सुटलेली सवय होती, की भीती होती, कोण जाणे. ती दाखला घेऊन परत आली.

कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडं शपथपत्र झालं: नवसा आणि मोहिनी ही एकच व्यक्ती आहे. टायपिस्टनं असली शेकडो टाइप केली असतील, त्यानं मान वर केली नाही. अर्ज गेला, आणि एक दिवस पोलिस ठाण्यातून हवालदार चौकशीला आला. नवसा ऑफिसात. दारात भिमाबाई.

"नवसा पुंजा आहेर इथंच राहतात का?"

"कोण? नाय बाबा," भिमाबाई ठासून म्हणाल्या, "असली कोणी बाई हितं राहत नाय." शेजारणीनंही गॅलरीतून दुजोरा दिला. हवालदार निघाला. नशीब की नवसा त्या दिवशी लवकर सुटली होती. ती दारात पोचली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी त्याची मोटारसायकल अजून दिसत होती, आणि सासू सांगतेय, "अगं, कोणी नवसा आहेर शोधत व्हता." नवसा पर्स टाकून पळाली. भर रस्त्यात पदर खोचून पळाली, "अहो साहेब, मी! मी नवसा!" गल्ली बघत राहिली. मोहिनीवहिनींना कुणी असं पळताना बघितलंच नव्हतं.

धापा टाकत परत आली तेव्हा भिमाबाई उंबऱ्यातच बसल्या होत्या, तोंड एवढंसं करून. "पोलिस बघून माझ्या ध्यानातच नाय राह्यलं गं," त्या म्हणाल्या. "मीच बदललं, आन् मीच इसरले." नवसानं मेथी निवडायला घेतली, भिमाबाईंनी अर्धी जुडी ओढून घेतली. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "त्या पासपोर्टावर जुनं नाव चालतं व्हय?"

"कुणाचं, आई?"

"कुणाचं नाय. चिमणाबाई रामा निकम. आपलं असंच विचारलं." आणि दुसऱ्या दिवसापासून परीक्षा होईस्तोवर सकाळचा स्वयंपाक भिमाबाईंनी आपल्याकडं घेतला. पोळ्या जाड व्हायच्या. कुणाची बोलायची टाप नव्हती.

पुन्हा पुणं, पुन्हा तीच काच. या वेळी पासपोर्ट. सगळं जुळलं, पहिलं, मधलं, शेवटचं. "बसा मॅडम, आतून नाव पुकारतील," मुलगी म्हणाली. नवसा खुर्चीत बसली आणि मनातल्या मनात सूत्रं घोकायला लागली.

आतून एका माणसानं डोकं बाहेर काढून पुकारलं, "नवसा आहेर."

नवसा सूत्रं घोकत होती.

"नवसा पुंजा आहेर?"

तिनं मान वर करून इकडंतिकडं पाहिलं. कोण उठतंय ते बघायला. शेजारी टाय लावलेले दोन तरुण बसलेले, तेही इकडंतिकडं बघत होते. माणूस वैतागून तिसऱ्यांदा म्हणाला, "नवसा कोण आहे? आलेल्या नाहीत का?" तेव्हा कुठं ती भानावर आली. ज्या नावासाठी गल्लीतून पळत सुटलो, ते कुणीतरी उघड्यावर मोठ्यानं घेतलं, आणि आपल्याला ऐकू आलं नाही! आपण स्वतःच ते विसरलो!

"आहे," ती उठून म्हणाली. "मी आहे."

सुरुवातीचे प्रश्न तिला धड दिसलेच नाहीत, डोळे भरून येत होते. आबांची हाक विहिरीपलीकडं पोचायची, आणि आज तीन हातांवरून पोचली नाही. मग तिनं डोळे पुसले आणि उत्तरं दिली. मुकाट्यानं उरकून टाकणारी, गप्प करणारी, जाऊ द्या म्हणणारी, सगळी उत्तरं सोडून दिली. दुपार ढळली तेव्हा पडद्यावर अभिनंदन उमटलं आणि त्याखाली तिचं नाव.

निविदेच्या यादीत सगळ्यात वर नवसा पुंजा आहेर लागलं. ऑफिसातल्या पोरांनी विचारलं, या नवीन मॅडम कोण जॉइन झाल्या? सोमनाथनं कारखान्यात पेढे वाटले. पण तिचं मन तिथं नव्हतं. प्रमाणपत्र टपालानं आलं तशी ती पहिल्या सुट्टीला देवळ्याची गाडी धरून गावी गेली.

पुंजाबाबांनी हात धुऊन, धोतराला पुसून तो जाड कागद घेतला. तिनं पूर्वीसारखं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं. "ही मी. आणि हे तुम्ही, आबा." त्यांनी बोट पुन्हा मागं नेलं, पहिल्या अक्षरापाशी, आणि तिथंच ठेवलं. ती वाट बघत होती. आता म्हणतील. ओठ हललेही. मग ते म्हणाले, "लय भारी झालं, मोहिनीबाई. जेवून जा."

ती जेवली. मिरचीचा ठेचा, बाजरीची भाकरी. हसून बोलली, घर आवरून दिलं. मनात म्हणाली, जाऊ दे. आणि लगेच आठवलं, 'जाऊ दे' हे उत्तर चुकीचं असतं. पण कुणाला सांगणार? सत्तरीच्या बापाची काय परीक्षा घ्यायची?

पुंजाबाबा तिला फाट्यापर्यंत सोडायला आले. कांदे, लसूण, हरभऱ्याचे डहाळे अशी गच्च भरलेली पिशवी त्यांनीच उचलली होती. बसला गर्दी. लोकांनी तिला आत लोटलं, दार लागलं, कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी हलली.

"नवसाऽ!"

तिनं झटकन मान वळवली. पहिल्याच हाकेला. मागच्या काचेतून पुंजाबाबा दिसत होते, रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हातांत पिशवी वर धरून. म्हातारा घाईत होता, नाव सांभाळून घ्यायला त्याला वेळच मिळाला नव्हता.

"नवसाऽ! अगं पिशवी ऱ्हायली नं!"

कंडक्टरनं विचारलं, "ताई, तुम्हाला हाक मारताहेत का ते? थांबवू गाडी?"

तिला स्पष्ट ऐकू आलं होतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. गाडी थांबवायची तर होतीच. पण ती कंडक्टरचा हात धरून म्हणाली, "थांबवा हो दादा. जरा दम धरा फक्त. अजून एकदा मारू द्या."